एसएफसी आणि डिझम: ‘फॉरमॅट मारा’च्या आधी वापरायची फुकटची साधनं

स्टार्ट मेनू उघडत नाही, अपडेट दर वेळी अर्ध्यावर गळपटतं, सेटिंग्जची खिडकी क्षणभर दिसून गायब होते. असा पीसी दुकानात नेला की बहुतेकदा उत्तर ठरलेलं: ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ विंडोज १० आणि ११ मध्ये दुरुस्तीची दोन साधनं आधीपासूनच असतात, एक सिस्टिम फाइल चेकर म्हणजे एसएफसी, आणि दुसरं विंडोजचा चांगल्या फाइलींचा साठा दुरुस्त करणारं डिझम. नाव एसएफसीचं झालंय, पण अवघड काम डिझम करतं.

एसएफसी विंडोजच्या संरक्षित फाइली तपासतं आणि बिघडलेल्या फाइलच्या जागी विनएसएक्सएस फोल्डरमधल्या साठ्यातली चांगली प्रत ठेवतं. बाहेरून काहीही डाउनलोड करत नाही. म्हणजे तो साठाच खराब असेल तर ‘खराब फाइली सापडल्या, पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत’ एवढं सांगून ते मोकळं होतं. अशा वेळी ‘तेच तीनदा चालवा’ हा सल्ला हमखास मिळतो. नुसता वेळ जातो.

म्हणून आधी डिझम. स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, उजवी क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर निवडा आणि द्या: डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ. (आदेश अर्थातच इंग्रजी अक्षरांत, प्रत्येक तिरक्या रेघेआधी एक जागा सोडून.) ते चांगल्या फाइली विंडोज अपडेटकडून आणतं, तेव्हा इंटरनेट चालू हवं. ६२.३ टक्क्यांवर बराच वेळ अडकल्यासारखं दिसतं. खिडकी बंद करू नका, जुन्या हार्ड डिस्कवर अर्धा तासही लागतो. ते संपलं की एसएफसी /स्कॅननाऊ, मग रीस्टार्ट. डिझममध्ये रिस्टोअरहेल्थऐवजी देता येणारा चेकहेल्थ हा पर्याय आधी नोंदलेला बिघाड फक्त वाचून दाखवतो, त्यामुळे काही सेकंदांत आलेल्या त्याच्या ‘सगळं ठीक’वर जाऊ नका; खरी तपासणी स्कॅनहेल्थ करतं.

सगळ्यात जास्त डोकं खाते ती ०एक्स८००एफ०८१एफ ही एरर. अर्थ इतकाच की डिझमला चांगल्या फाइली मिळाल्या नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजची आयएसओ (इन्स्टॉलेशनची अख्खी डिस्क एका फाइलमध्ये) उतरवा, डबल क्लिक करून माउंट करा, म्हणजे ती वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसते. समजा ती ई: ड्राइव्हवर आली. डिझम /गेट-विमइन्फो /विमफाइल:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.विम दिलं की आपल्या एडिशनचा (होम, प्रो वगैरे) क्रमांक कळतो. मग रिस्टोअरहेल्थच्या पुढे /सोर्स:विम:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.विम:क्रमांक /लिमिटॲक्सेस जोडा. मीडिया क्रिएशन टूलने आयएसओ बनवली असेल तर आत इन्स्टॉल.ईएसडी असते, दोन्ही आदेशांत फाइलचं नाव बदला आणि ‘सोर्स:विम’च्या जागी ‘सोर्स:ईएसडी’ लिहा. आयएसओ पीसीवरच्या विंडोजपेक्षा जुनी असली तर हीच एरर पुन्हा येते, कारण नंतरच्या अपडेटने बसवलेल्या फाइली तिच्यात नसतात. आपल्या विंडोजचा बिल्ड, म्हणजे आवृत्तीचा क्रमांक, विनव्हर देऊन पाहता येतो.

एसएफसी काय केलं याची जी नोंद (लॉग) ठेवतं, ती मात्र अगदीच वाईट. विंडोज\लॉग्ज\सीबीएस मधली सीबीएस.लॉग उघडली की हजारो ओळी अंगावर येतात. चौकटी कंसात एसआर असलेल्या ओळी तेवढ्या कामाच्या. इतक्या वर्षांत मायक्रोसॉफ्टला साधी यादी दाखवावीशी वाटू नये, कमाल आहे.

पीसी सुरूच होत नसेल तर रिकव्हरीतल्या कमांड प्रॉम्प्टमधून एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडिर=सी:\ /ऑफविनडिर=सी:\विंडोज. तिथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, म्हणून आधी डिर देऊन विंडोज फोल्डर कुठे आहे ते बघा.

एवढ्यानेही भागलं नाही तर चालू विंडोजमधूनच आयएसओतलं सेटअप चालवा आणि फाइली व ॲप्स ठेवण्याचा पर्याय निवडा. पेनड्राइव्हवरून बूट केलं तर तो पर्याय मिळत नाही. विंडोजची भाषा किंवा एडिशन जुळली नाही तर ॲप्स ठेवता येत नाहीत.

डिझमला पाचपैकी चार, एसएफसीला तीन. पैसे घेऊन ‘पीसी रिपेअर’ करून देणाऱ्या सॉफ्टवेअरची गरज नाही. क्रोम, ऑफिस, ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा बिघडलेलं युजर प्रोफाइल यांना मात्र ही दोन्ही साधनं हात लावत नाहीत. आणि दुरुस्तीनंतर काही दिवसांत पुन्हा नव्या फाइली खराब निघत असतील तर संशय हार्ड डिस्कवर किंवा रॅमवर घ्यावा: आधी डेटाचा बॅकअप, मग डिस्क तपासायला चेकडिस्क (आदेशात सीएचकेडीएसके) सी: /आर, आणि रॅम तपासायला एमडीशेड (आदेशात एमडीएससीएचईडी).