पद्मिनीचं आतलं काम घरी: नवतपा आणि झड काढल्यावर काय टिकलं, काय सुटलं

गाडी १९८६ची प्रीमियर पद्मिनी. पुढे सलग बाक, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. पत्र्याचं आणि रंगाचं काम झाल्यावर आतलं सगळं काम पोर्चमध्ये केलं, जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. त्याला आता दहा महिने झाले. दिवसा गाडी उघड्या पार्किंगमध्ये उन्हात असते, रात्री पोर्चमध्ये. म्हणजे नागपूरचा पूर्ण उन्हाळा, मे अखेरचा नवतपा (सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस), जुलै-ऑगस्टमधली झड (दिवसचे दिवस न थांबणारा पाऊस) आणि ऑक्टोबरचं ऊन हे सगळं या कामावरून गेलंय.

निकाल आधीच सांगतो. रेक्झिन, फोम, कार्पेट यांपैकी काहीही खराब झालेलं नाही. जे बिघडलं ते सोल्युशन (चिकटवायचा गोंद), टाका आणि एका कोपऱ्यात कमी पडलेली कड यांतच. सोल्युशन, दोरा अशा न दिसणाऱ्या वस्तूंवर एकूण खर्चाचा फार तर दहावा भाग जातो, आणि गाडी आतून किती वर्षं चांगली दिसेल ते त्याच ठरवतात. २३ मे २०१३ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. एरवीही मे महिन्यात ४५ ही नेहमीची गोष्ट. बाहेर ४५ असताना बंद गाडीत डॅशबोर्डचा वरचा भाग आणि मागच्या काचेखालची फळी सहज ७०-८० अंशांवर जाते. पुण्या-मुंबईच्या अनुभवावरून निवडलेलं सामान इथे चालेलच असं नाही.

रेक्झिन घेताना रंगाआधी मागची बाजू पाहा. मागे विणलेलं, ताणलं जाणारं कापड असेल तर बाकाच्या गोल कोपऱ्यांवर ते सुरकुती न पडता बसतं. मागे साधं उभ्या-आडव्या धाग्यांचं कापड असेल तर ते दारांना चांगलं, पण कोपऱ्यावर ओढलं तरी घडी राहतेच. आम्ही ५४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं), साधारण १ मिलिमीटर जाडीचं बदामी रेक्झिन घेतलं. दोन्ही बाकांना साडेआठ मीटर, चार दारांना तीन, पायपिंग (शिवणीतली गोल कड) आणि चुकांसाठी दीड, असे एकूण १३ मीटर. इतवारी-गांधीबागेच्या बाजारात फिरताना सगळं एकाच गुंडाळीतून कापून घ्या. दुसऱ्या गुंडाळीचा रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सारखा दिसतो आणि उन्हात वेगळा. काळं रेक्झिन नकोच. दुपारी दोन वाजता त्यावर बसवत नाही.

जुनी खोळ उसवताना प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर आणि पुढची दिशा लिहा. हे तुकडेच तुमचा फर्मा. पण ते तीस-पस्तीस वर्षांत ताणलेले असतात, म्हणून थेट रेक्झिनवर ठेवून कापू नका. आधी जाड कागदावर उतरवा, दोन्ही बाजू दुमडून जुळवा, मग १२ मिलिमीटर शिलाईमार्जिन धरा. पट्ट्यांची डिझाइन करत असाल तर प्रत्येक पट्टीची शिलाई दोन ते तीन मिलिमीटर कापड खाते. बारा पट्ट्या म्हणजे तीन सेंटिमीटर गेलेच. म्हणून मधला तुकडा आधी मोठा घ्या, फोमसकट पट्ट्या शिवा आणि मगच फर्म्याने कापा. हा क्रम उलटा केला की खोळ अरुंद होते आणि दुरुस्तीला वाव राहत नाही.

बाकाच्या स्प्रिंगा तपासून, तुटलेल्या बांधून, वर तरटाचा दुहेरी थर घातला. तरट नसेल तर फोम स्प्रिंगांत शिरतो आणि खालून चुरा होऊन गळतो. त्यावर काथ्याचा रबर लावलेला जुना थर सुस्थितीत होता म्हणून तोच ठेवला. वर ४० डेन्सिटीचा ५० मिलिमीटर फोम. पाठीला ३२ डेन्सिटी पुरते. समोरच्या कडेला, जिथे मांडी टेकते तिथे, रिबॉन्डेड (चुरा दाबून केलेल्या) फोमची कडक पट्टी घातली. दहा महिन्यांनंतरही ती कड बसलेली नाही. ड्रायव्हरच्या बाजूला मधला फोम किंचित दबलाय, तेवढं चालण्यासारखं आहे. फोम सांगाड्यापेक्षा सगळीकडून १० मिलिमीटर मोठा कापा, तरच खोळ भरलेली दिसते. खोळ सरकावी म्हणून काही जण फोमवर प्लास्टिकचा कागद ठेवतात आणि तिथेच राहू देतात. तो ओढून काढा. नाहीतर बसताना चुरचुरतो आणि पावसाळ्यात घाम धरतो.

आता टाका. घरगुती मशीन दोन थर शिवते, पायपिंगच्या कोपऱ्यावर चार-पाच थर आले की सुई मोडते. वरून-खालून दोन्हीकडून कापड सरकवणारं, वॉकिंग फूटचं मशीन भाड्याने मिळालं तर आठवडा वाचतो. सुई १८ नंबर. दोरा बाँडेड पॉलिस्टर. नायलॉनचा दोरा ओढून पाहिला तर जास्त मजबूत वाटतो, पण तो उन्हात झिजतो. काचेजवळच्या शिवणीत पॉलिस्टरच हवा. सुती दोऱ्याचा तर विचारही करू नका, ओलीत कुजतो.

टाक्याची लांबी ४ मिलिमीटर. इथे आमची एक चूक झाली. पुढच्या बाकाची उजवी बाहेरची शिवण, जिथे ड्रायव्हर चढता-उतरता घासतो, ती जास्त मजबूत व्हावी म्हणून अडीच मिलिमीटरच्या टाक्याने शिवली. सप्टेंबरमध्ये तिथे दोरा शाबूत होता आणि रेक्झिन फाटलं होतं. जवळून पाहिलं तर सुईची भोकं एकमेकांना मिळून पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी रेघ झाली होती. बारीक टाका रेक्झिनला मजबुती देत नाही, उलट ते चिरायला वाट करून देतो. ती बाजू उसवली, आतून १ इंच रुंदीची पॉलिस्टर पट्टी ठेवली आणि फाटक्या रेघेच्या आत नवी शिवण ४ मिलिमीटरने घातली. मार्जिन १२ मिलिमीटर ठेवलं होतं म्हणून हे जमलं.

खोळ चढवण्याआधी वीस मिनिटं उन्हात पसरली की रेक्झिन लोण्यासारखं वळतं. हॉग रिंगा (खोळ सांगाड्याला धरणाऱ्या तारेच्या कड्या) मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे न्यायच्या. एका टोकाकडून सुरुवात केली तर पट्ट्या तिरक्या पडतात. दोन्ही बाकांना मिळून दीडशेच्या आसपास रिंगा लागल्या.

सोल्युशनबद्दल सविस्तर लिहावंच लागेल, कारण निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. डब्यातलं नेहमीचं पिवळसर सिंथेटिक रबराचं सोल्युशन लाकूड, पत्रा, तरट, फोम यांना उत्तम. पण रेक्झिन म्हणजे पीव्हीसी, आणि ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट प्लास्टिसायझर असतो. उष्णतेत तो हळूहळू बाहेर झिरपतो आणि रबराच्या सोल्युशनला मऊ करतो. मागे कापड असलेल्या रेक्झिनला हा त्रास उशिरा होतो, कापड नसलेल्या पातळ पीव्हीसीला पहिल्याच उन्हाळ्यात. मागच्या काचेखालच्या फळीवर आम्ही असंच पातळ पीव्हीसी लावलं होतं. नवतप्यात ते फुग्यासारखं उठलं. बोटाने उचललं तर खालचं सोल्युशन गुळाच्या पाकासारखी तार धरत होतं. नोव्हेंबरमध्ये ते सगळं खरवडून पॉलियुरेथेनचं सोल्युशन वापरलं. हे पीव्हीसीच्या तेलाला दाद देत नाही. उन्हात राहणाऱ्या प्रत्येक जागी रेक्झिन चिकटवताना तेच घ्या. स्प्रेच्या डब्यातलं साधं सोल्युशन फोमचे दोन थर जोडण्यापुरतं ठीक. छताला आणि दाराच्या वरच्या कडेला ते वापरू नका, ७० अंशांत सुटतं.

लावायची पद्धत: दोन्ही बाजूंना पातळ हात, बोटाला चिकटेनासं झालं की जोडायचं आणि दाबायचं. डब्यावर दहा-पंधरा मिनिटं लिहिलेली असतात. इथे मार्चनंतर दुपारी चार-पाच मिनिटांतच ते वाळून निकामी होतं, म्हणून सकाळी आठच्या आत काम उरका. झडीच्या दिवसांत उलटा त्रास. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर दव धरतं, थर पांढुरका दिसतो. त्यावर जोडलेलं काही टिकत नाही. वाफ डोक्यात जाते आणि पेटही घेते. दारं उघडी ठेवा, बॅटरीची तार काढा, आणि जवळ कूलरची मोटर किंवा गॅस नको.

छत. पद्मिनीचं छताचं लायनिंग आडव्या लोखंडी तारांवर ताणलेलं असतं, आणि आपल्याकडच्या उन्हाला हीच पद्धत योग्य. मागे फोम असलेलं कापड पत्र्याला किंवा फळीला चिकटवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्यातला पातळ फोम उष्णता आणि दमटपणाने भुगा होतो, कापड लोंबतं, आणि मग सोल्युशन कितीही चांगलं असलं तरी धरायला खाली काही उरत नाही. आम्ही तारांचीच पद्धत ठेवली, अडीच मीटर छिद्रांचं पातळ व्हिनाइल लागलं. प्रत्येक तारेची कमान वेगळी असते, काढतानाच त्यांना नंबरची चिठ्ठी बांधा. छताच्या दिव्याची वायर आधी टाकून घ्या. पुढची-मागची काच काढलेली असतानाच हे काम करा, कारण कापडाची कड काचेच्या रबराखाली जाते. मधली तार पहिली उभी करायची, मग पुढे-मागे ताण द्यायचा, आणि बाजू सगळ्यात शेवटी. कड क्लिपने धरून दोन दिवस तशीच ठेवा, थंडीतलं ऊनही सुरकुत्या निम्म्याने काढतं, उरलेल्या हीटगनने दुरून. दहा महिन्यांत छत एका ठिकाणी सुटलं, मागच्या उजव्या कोपऱ्यात. तिथे कड फक्त १५ मिलिमीटर उरली होती. बाकी सगळीकडे ती ४० आहे आणि हललेली नाही.

छताच्या पत्र्याला आतून २ मिलिमीटरचे ब्यूटिलचे (चिकट रबराच्या शीटचे) तुकडे लावले, पत्र्याचा साधारण तिसरा हिस्सा झाकेल इतकेच. पावसाचा टपटप आवाज जाण्यासाठी एवढं पुरतं. पूर्ण छत मढवलं तर वरचं वजन उगाच वाढतं. डांबराच्या स्वस्त शीट मात्र घेऊ नका. उन्हात त्या पाघळतात, वास मारतात आणि छतावरून सुटून लायनिंगवर पडतात.

दारांच्या पॅडचा मूळ हार्डबोर्ड ओलाव्याने फुगून केळीच्या पानासारखा वाकलेला होता. त्याच्या जागी ३ मिलिमीटरची एबीएस प्लास्टिकची शीट कापली. ४ मिलिमीटरचा आयएस ७१० मार्कचा मरीन प्लायही चालतो, कडांना वार्निश पाजून. पण नवा पॅड लावून भागत नाही. दारात पाणी येतंच, काचेवरून घरंगळून आत उतरतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर जातं. ती भोकं रंगकामात बुजलेली असतात, आधी तारेने उघडा. मग पॅडमागे जाड पॉलिथिन, कडेने ब्यूटिल टेप, आणि पॉलिथिनची खालची कड दाराच्या आत सोडलेली. ही कड बाहेर राहिली तर सगळं पाणी पॅडवर. ऑगस्टमध्ये चारही पॅड उघडून पाहिले. पॉलिथिनच्या दाराकडच्या बाजूला ओघळ आणि माती होती, पॅडची पाठ कोरडी.

गाडीची जमीन. गंज काढून इपॉक्सी प्रायमर, सांध्यांत सीलर, ब्यूटिल पट्ट्या आणि वर ६ मिलिमीटरचा बंद छिद्रांचा पॉलिथिन फोम. जुन्या पद्धतीचा ज्यूटचा नमदा (दाबून केलेला जाड थर) आवाज छान खातो, पण पाणी धरून ठेवतो आणि पत्रा खालून परत गंजतो. आम्ही तो टाळला आणि झडीत त्याचं मोल कळलं. कार्पेट चिकटवलेलं नाही, प्रेस बटणांवर आहे. उचललं तर डाव्या पायाखाली पाणी दिसलं. ते इंजिनकडून येणाऱ्या वायरिंगच्या रबरी बूचातून येत होतं. बूच बदललं, कार्पेट दोन दिवस वाळवलं, काम झालं. चिकटवलेलं असतं तर हे दिवाळीला वासावरून कळलं असतं.

कार्पेटला ड्रिलने भोक पाडू नका, धागा ड्रिलला गुंडाळून लांबवर उसवतो. सोल्डरिंगच्या गरम टोकाने भोक पाडा, कड आपोआप बंद होते. सीट आणि बेल्टच्या बोल्टभोवती मात्र कार्पेट पूर्ण कापून काढा. बोल्ट पत्र्यावरच आवळला गेला पाहिजे. मध्ये कार्पेट राहिलं की ते दबतं आणि बोल्ट ढिला होतो.

देखभाल फारशी नाही. रेक्झिन ओल्या फडक्याने आणि सौम्य साबणाने पुसतो. चमक आणणारं सिलिकॉनचं पॉलिश लावत नाही, कारण पुढे कधी कड परत चिकटवायची झाली तर त्यावर सोल्युशन धरत नाही. छताचा तो मागचा कोपरा अजून क्लिपवर आहे. तिथे जोडतुकडा शिवून कड ४० मिलिमीटर करायची आहे, आणि त्यासाठी मागची काच काढावी लागेल. हे होळीच्या आत करतोय, त्यानंतर पत्रा तापतो.