मामानं दोन हजार परत दिले, तिथंच मी फसलो

मी वाळूजला एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे, एकोणीस वर्षं झाली. दिवसभर दुसऱ्यांचे जॉब मोजायचे, ड्रॉइंगला लावून बघायचे, टॉलरन्सबाहेर, म्हणजे मापातल्या चालणाऱ्या फरकाबाहेर, गेला की लाल टॅग अडकवायचा. व्हेंडर समोर उभा राहून गयावया करतो, 'साहेब, वीस मायक्रॉननं काय होतंय', आणि मी त्याच्याकडे न बघता रिजेक्शनवर सही ठोकतो. अशा माणसाला एका शेडवाल्यानं साठ हजारांची टोपी घातली. वर्षभर कुणाला सांगितलं नाही. परवा कंपनीतला एक पोरगा म्हणाला, 'सर, मी जुन्या जिप्सीत इंजिन बदलायलोय, एक माणूस सापडलाय, सगळं घरातच करून देतो.' सगळं घरातच, हे शब्द ऐकले आणि लिहायला बसलो.

गाडी वडिलांची. महिंद्राची जुनी जीप, प्युजो इंजिनाची. ब्लॉकला तडा गेल्यापासून गंगापूर तालुक्यातल्या आमच्या शेतवस्तीवर कोठ्याशेजारी उभी होती. वडील गेले, तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या, तेव्हा मनावर घेतलं. 2024 च्या दिवाळीनंतर जालन्याच्या एका ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून टेम्पो ट्रॅक्सचं ओएम 616 इंजिन आणलं. मूळ डिझाइन मर्सिडीजचं, चार सिलिंडरचं साधं डिझेल. काळी-पिवळीत माणसं कोंबून याच इंजिनांनी आपल्याकडचे घाट चढलेत, त्यामुळं पार्ट कुठंही मिळतो आणि उघडणारा हातही. या खरेदीत काही फसवणूक नाही, हे आधीच सांगतो. इंजिन आजही पहिल्या सेल्फला उठतं.

अडचण इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या जागेत असते. ट्रॅक्सच्या इंजिनाची मागची भोकं एका ठिकाणी, जीपच्या बेल हाउसिंगची, म्हणजे क्लच झाकणाऱ्या ओतीव कवचाची, भलतीकडंच. मध्ये एक जाड प्लेट लागते, एका बाजूनं इंजिनाला बसणारी, दुसऱ्या बाजूनं हाउसिंगला. ऐकायला सोपं वाटतं. पण क्रँकचा, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचा, मध्य आणि गिअरबॉक्समध्ये फिरकी नेणाऱ्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत आला पाहिजे, 0.10-0.12 मिलिमीटरच्या आत. बोल्ट ते काम करत नाहीत, बोल्ट फक्त आवळून धरतात. जागा पकडतात ते डॉवेल, म्हणजे नेमक्या मापाच्या बिनआट्याच्या पिना. म्हणून डॉवेलचं भोक ड्रिलनं पाडून चालत नाही, भोक नेमक्या मापाला आणणारा रीमर मारावा लागतो. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, याच गोष्टीवर मी रोज लोकांचा माल परत पाठवतो.

कोठ्यातली एक बाजू रिकामी करून टेबल, बेंच व्हाइस, चार इंची ग्राइंडर, ड्रिल असं जमवलं. इंजिनाचे माउंटिंग बनवायला वेल्डिंग मशीन हवं होतं. तेव्हा कुणीतरी मामाचं नाव सुचवलं. खरं नाव लिहीत नाही. सगळे त्याला मामाच म्हणायचे आणि पुढं मामा कोण बनलं ते तुम्ही ओळखलंच असेल.

एमआयडीसीच्या कडेला पत्र्याची शेड. दोन लेथ, एक रेडियल ड्रिल, बाहेर एका चाकावर झुकलेली रिक्षा. मामा हाताला कॉटन वेस्ट पुसत बाहेर आला आणि बोलायला लागला तो थेट पायलट बेअरिंगवरच, म्हणजे इनपुट शाफ्टचं टोक ज्यात बसतं त्या छोट्या बेअरिंगवर. कुठल्या जीपचा बॉक्स, शाफ्टचं टोक किती आत जायला पाहिजे, क्लच प्लेट कुठली लावणार. मी हरखलो. घरी या विषयावर बोललं की बायको भाजी निवडायला घेते. इथं एक माणूस स्वतःहून विचारतोय. त्या दिवशी त्याच्याकडूनच 250 अँपिअरचं जुनं वेल्डिंग मशीन घेतलं, 11,500 रुपयांना. 'सर, फुल कॉपर वाइंडिंग हाय. तुमच्या नातवापर्यंत चालतंय.'

दहा-बारा रॉड ओढले की मशीन तापायचं आणि जळक्या वार्निशचा वास कोठाभर पसरायचा. म्हशी नाकपुड्या फुगवायच्या. झाकण काढलं, आत तार तांबूस, चकचकीत. कुणालाही तांबंच वाटावं. मग ब्लेडच्या टोकानं एका वळणावरचा लेप खरवडला. खाली पांढरी. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवरचं इनॅमल तांबूस दिसू शकतं आणि बरोबर तिथंच गिऱ्हाईक फसतं. अ‍ॅल्युमिनियमची तार तांब्याच्या साधारण साठ टक्के वीज वाहते. तेवढ्याच अँपिअरला ती बरीच जाड हवी, नसली की तापते. तांब्याची घनता 8.96, अ‍ॅल्युमिनियमची 2.7. म्हणजे मशीन नुसतं उचलून बघितलं असतं तरी शंका यायला हवी होती. दुकानात उभं राहून ब्लेड मारणं उद्धटपणाचं वाटतं, मला माहीत आहे. मारा.

मी फोन केला. वाद होईल म्हणून मनात तयारी करून ठेवली होती. मामा म्हणाला, 'सर, असं कसं? मला ज्यानं दिलं त्यानंच फसवलं बगा. मशीन वापरा, दोन हजार परत घ्या.' पाच मिनिटांत पैसे आले.

त्या दोन हजारांबद्दल मी नंतर खूप विचार केला आहे. तो वाद घालत बसला असता तर मी त्याच्या शेडची पायरी पुन्हा चढलो नसतो. पैसे आले आणि माझ्या डोक्यात त्याचा हिशेब उलटा लागला: चूक कबूल करणारा माणूस. चोरी पकडली गेली होती आणि पकडणाऱ्यालाच चोर प्रामाणिक वाटायला लागला. 9,500 चं मशीन मला महाग पडलंच, पण तो दोन हजारांचा परतावा त्याहून महाग पडला.

पुढचं काम मी डोळे झाकून दिलं. अ‍ॅडॉप्टर प्लेट, क्रँकच्या मागचा स्पेसर, दोन माउंटिंग, मिळून 42,000. प्लेट 20 मिलिमीटरची, मटेरियल ईएन 8, म्हणजे जास्त कार्बनचं कडक होणारं पोलाद, मशीनिंग व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, डॉवेलची भोकं रीम केलेली. व्हीएमसी त्यानं आपलंच असल्यासारखं दाखवलंही. शेजारच्या शेडमध्ये चालू होतं, मामा आत जाऊन ऑपरेटरच्या खांद्यावर हात ठेवून आला. ते दुसऱ्याच्या मालकीचं होतं आणि आपलं काम तिथं कधी गेलंच नाही, हे मला चार महिन्यांनी त्याच ऑपरेटरकडून कळलं. बिलाचं विचारलं तर, 'जीएसटीचे अठरा टक्के कशाला घालवायलात सर? आपल्यात बिल कशाला?' तीस हजार अ‍ॅडव्हान्स यूपीआयनं गेले. स्क्रीनवर नाव आलं ते मामाचं नव्हतं. 'मेहुण्याचं खातं हाय, मशीनच्या लोनमुळं माझं जाम हाय.' ठीक म्हटलं. नमुन्याला बेल हाउसिंग आणि फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या मागचं जड चाक, ठेवून आलो, माल दिल्याचं चलन नाही, फोटो नाही.

एक खूण तर माझ्या टेबलावर पडली होती. त्यानं ड्रॉइंगचा पीडीएफ पाठवला. देखणं ड्रॉइंग, सगळी भोकं एका पीसीडीवर, म्हणजे एका वर्तुळावर समान अंतरानं. या इंजिनाच्या मागची भोकं तशी नाहीत. कुठं स्टार्टरला जागा सोडलेली, कुठं खाली सरकलेली. ते ड्रॉइंग कशाचं होतं देव जाणे, आमच्या इंजिनाचं नव्हतं. कंपनीत असं ड्रॉइंग आलं असतं तर मी डिझाइनवाल्यांना फोन करून हैराण केलं असतं. इथं मी अंगठ्याचं चिन्ह पाठवलं.

फेब्रुवारीत माल आला. निळा रंग मारलेला, नवा करकरीत. मी व्हर्निअर लावला, जाडी 20.02. एवढंच मोजलं. उरलेले बारा हजार तिथंच दिले. जाडी बरोबर निघाली याचा आनंद इतका होता की डॉवेल बोटानं ढकलला तर सरकतो हे जाणवूनही 'पेंटमुळं असेल' म्हटलं. पेंटमुळं भोक घट्ट होतं, सैल नाही.

जीप चालली. शेतातल्या पाणंदीनं चारशे मीटर. तिसऱ्या गिअरला घरघर, मग तिसरा आपोआप न्यूट्रलला यायला लागला. आठवड्याभरात इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा आवाज असा यायला लागला की शेजारच्या मळ्यातले काका म्हणाले, 'जात्यावर दळण बसवलं का रे?' बॉक्स उतरवला. पायलट बेअरिंग चुरलेलं, शाफ्टच्या टोकाला एका अंगानं ओरबाडा. गिअरबॉक्सचं काम 8,700 रुपये.

मग मी तेच केलं, जे चार महिने आधी करायला हवं होतं. फ्लायव्हीलवर मॅग्नेटिक बेस लावला, त्यावरच्या डायल गेजची टोच हाउसिंगच्या मधल्या बोअरला टेकवली आणि क्रँक हातानं हळूहळू फिरवला. काटा शून्यावरून निघाला आणि चालतच राहिला. पूर्ण फेरीत 1.36 मिलिमीटर. डायल दुप्पट दाखवतो, म्हणजे मध्य 0.68 नं सरकलेला. चालतं त्याच्या सहापट. डायल गेज घरी नसेल तर उसना आणा, पण गिअरबॉक्स चढवण्याआधी ही एक फेरी फिरवा. दहा मिनिटांचं काम आहे.

साहेबांची परवानगी काढून रविवारी प्लेट टूल रूममध्ये नेली. सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट टेबलावर, ठेवली तर एका कोपऱ्याखाली 0.45 चा फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पात, सहज सरकला. कड गॅसनं कापलेली, त्या उष्णतेनं प्लेट वाकलेली आणि वर ग्राइंडर फिरवून गुळगुळीत केलेली. थिनरनं निळा रंग उतरवला. खाली स्क्रायबरच्या रेघा निघाल्या, एका भोकातून दुसऱ्या भोकात गेलेल्या, आणि तीन भोकांच्या काठाला सेंटर पंचचे अर्धे खड्डे. व्हीएमसीला ना रेघ लागते ना पंच. हे सगळं हातानं मारलेलं होतं, रेडियल ड्रिलवर, नजरेनं. नव्या जॉबवर जाड रंग दिसला की आधी रंग उतरवा, मग पैसे द्या. मशीनिंगच्या जॉबला तेल लावतात, ऑइलपेंट नाही.

ईएन 8 चंही बघून घेतलं. कोपऱ्यातला तुकडा कापला, लालबुंद करून पाण्यात टाकला, वर कानस मारली. ईएन 8 मध्ये कार्बन 0.4 टक्क्यांच्या आसपास असतो, तो असा कडक होतो की कानस घसरते. इथं कानस लोण्यात गेल्यासारखी गेली. साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील. वजनावरून हे कधीच कळत नाही, दोन्ही पोलाद सारखंच भरतं. खरं सांगायचं तर अशा प्लेटला एमएस चालतं, मी ईएन 8 चा हट्ट धरला तो शहाणपणा दाखवायला. आणि मामानं तो हट्ट मान डोलवत ऐकून घेतला. विचार केला तर तो मला कधीच 'नाही' म्हणाला नव्हता. चांगला टर्नर पहिल्या दहा मिनिटांत दोनदा तरी तुमच्याशी भांडतो.

सगळ्यात जास्त लागलं ते हाउसिंगचं. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात तसं आमचे वडील प्रत्येक लोखंडी वस्तूवर पंचानं तीन टिंबं मारायचे, नांगराच्या फाळापासून जॅकपर्यंत. परत आलेल्या हाउसिंगवरचा रंग उतरवला तर टिंबं नव्हती. एका कानाला वेल्डिंगचा डाग होता. आमचं हाउसिंग त्याच्याकडं फुटलं की विकलं गेलं, ठाऊक नाही. हे भंगारातलं. तुमच्या वडिलांनी टिंबं मारली नसतील तर कास्टिंग बाहेर देण्याआधी तुम्ही मारा आणि जवळून फोटो काढा.

मी शेडवर गेलो. मामा शांत होता, चहा मागवला. 'पोलिसात जायचं तर जा की सर. इंजिन कशातलं कशात टाकलं ते पण सांगावं लागंल. आरटीओ गाडी उचलून नेतंय.' हे हत्यार त्यानं पहिल्या दिवसापासून म्यानात ठेवलेलं होतं. आणि त्यात अर्धं खरं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल बघितला तर कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी वेगळी करून रस्त्यावर आणता येत नाही. आमची जीप शिवाराबाहेर गेलेली नाही आणि जाणारही नाही. पण तो धाक पुरला. दोन महिने मी गप्प बसलो.

गंगापूरच्या वकिलांनी तो धाक काढला. म्हणाले, तुमची गाडी रस्त्यावर चालते का हा आरटीओचा प्रश्न, एमएस देऊन ईएन 8 चे पैसे घेतले हा वेगळा. जुनं चारशे वीस आता भारतीय न्याय संहितेत 318 झालंय, तो अर्ज दिला. शिवाय जीप स्वतःसाठी, धंद्यासाठी नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाची वाट मोकळी. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. बिल नसल्यानं वकिलांनी कपाळाला हात लावला, पण यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'ईएन 8, व्हीएमसी, रीमिंग सकट' हे मामाच्याच हातचं वाक्य कामाला आलं. मोबाइल बदलू नका, चॅट पुसू नका, त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागेल, असं त्यांनी बजावलं.

नवी प्लेट जालन्यात एका म्हाताऱ्या टर्नरनं केली. आधी बारा मिलिमीटरच्या प्लायवूडची करून माझ्याकडून इंजिनाला लावून घेतली, दोन भोकं चुकलेली निघाली, मग लोखंडाला हात लावला. माझ्याशी तो तीनदा भांडला. डायल आता 0.14 दाखवतो, म्हणजे सरक 0.07.

आयोगापुढं मामाच्या बाजूनं अजून कुणी आलेलं नाही. वडिलांचं हाउसिंगही आलेलं नाही. मेहुण्याच्या नावानंही नोटीस काढावी असं वकिलांचं मत पडलंय, पत्ता शोधणं चालू आहे.