ग्रूव्ही ४ आणि जावा १७ : घ्याच, पण इम्पोर्ट नसलेल्या ओळी आधी शोधा

कंपनी ऐरोली-महापेतली असो की वागळे इस्टेटमधली, जावा ८ वरच्या जुन्या ग्रूव्ही स्क्रिप्ट (ग्रूव्ही म्हणजे जावावर चालणारी स्क्रिप्टची भाषा) ज्यांना जावा १७ वर न्यायच्या आहेत त्यांनी ग्रूव्हीची जुनी २.५ आवृत्ती ओढत नेऊ नये. ग्रूव्ही ४ च घ्यावी. पाचपैकी चार गुण.

एकच पॅकेज (क्लासचा गट) दोन मॉड्यूलमध्ये (पॅकेजांचा संच) असलेलं जावा ९ पासूनची मॉड्यूल पद्धत चालवून घेत नाही. ग्रूव्हीच्या जुन्या जारमध्ये (जार म्हणजे क्लास एकत्र बांधलेली फाइल) तेच होतं: 'ग्रूव्ही.युटिल' मुख्य जारमध्येही आणि एक्सएमएलच्या जारमध्येही. क्लासपाथवर (जावा जिथे क्लास शोधतो ती जुनी यादी) ते खपून जायचं, मॉड्यूलपाथवर (मॉड्यूल पद्धतीची नवी यादी) प्रोग्राम सुरूच होत नाही. म्हणून एक्सएमएल वाचणारा एक्सएमएलस्लर्पर हा क्लास 'ग्रूव्ही.एक्सएमएल'मध्ये गेला, अँट या बिल्ड साधनाची कामं करून घेणारा अँटबिल्डर 'ग्रूव्ही.अँट'मध्ये. ग्रूव्ही ३ मध्ये जुनी-नवी दोन्ही नावं होती. २०२२ मध्ये आलेल्या ४ ने जुनी काढली, आणि ते योग्यच झालं.

खरी गोची पुढे आहे. 'ग्रूव्ही.युटिल' आपोआप इम्पोर्ट होतं, त्यामुळे जुन्या स्क्रिप्टमध्ये इम्पोर्टची ओळच नसते, थेट 'न्यू एक्सएमएलस्लर्पर' लिहिलेलं असतं. इम्पोर्ट शोधून काही सापडत नाही. क्लासचं नाव शोधावं लागतं. शिवाय स्क्रिप्ट चालवायच्या वेळीच कंपाइल होत असेल तर 'अनएबल टू रिझॉल्व्ह क्लास' (क्लास सापडत नाही) हे महिनाअखेरच्या जॉबमध्येच कळेल. आधी ३ वर जा, नवे इम्पोर्ट लिहा, मग ४ लावून सगळ्या स्क्रिप्ट एकदा ग्रूव्हीसी या कंपायलरमधून काढा.

दुसरा घोळ मेव्हनचा, म्हणजे लायब्ररी आणून प्रोजेक्ट बांधणाऱ्या साधनाचा. ग्रूव्ही ४ मध्ये ग्रुप आयडी (लायब्ररी कोणाची ते सांगणारं नाव) 'कोडहॉस'चा 'अपाची' झाला, त्यामुळे मेव्हनला ३ आणि ४ या दोन वेगळ्या वस्तू वाटतात आणि तो दोन्ही आणून ठेवतो. मग 'कॉन्फ्लिक्टिंग मॉड्यूल व्हर्जन्स' येतं. डिपेंडन्सी ट्री (कोणती लायब्ररी कोणाला आणते त्याची यादी) काढा, जुनी ग्रूव्ही कोण आणतंय ते पाहा आणि तिथे एक्सक्लुजन टाकून ती वगळा.

'इनॲक्सेसिबलऑब्जेक्टएक्सेप्शन' आलं तर स्क्रिप्ट जावाच्या स्वतःच्या क्लासचं खासगी फील्ड वाचतेय. 'इल्लीगल-ॲक्सेस' या ऑप्शनची पळवाट १७ मध्ये बंद झाली आहे. शक्यतो ती ओळच बदला. नाइलाज असेल तर एररमध्ये लिहिलेलं तेवढंच पॅकेज ॲड-ओपन्स या ऑप्शनने उघडा, सरसकट सगळी नकोत. 'जावा -जार'ने चालवत असाल तर ते मॅनिफेस्टमध्ये (जारमधली माहितीची फाइल) लिहिता येतं. टॉमकॅट या वेब सर्व्हरवर वॉरच्या (वेब ॲप बांधलेल्या फाइलच्या) मॅनिफेस्टचा उपयोग नाही, स्टार्टअपच्या ऑप्शनमध्येच द्यावं लागतं.

एक गुण कापला तो जेलिंकसाठी, म्हणजे लागतील तेवढीच मॉड्यूल घेऊन लहान जावा बांधणाऱ्या साधनासाठी. ग्रूव्ही ४ चे जार ऑटोमॅटिक मॉड्यूल (स्वतःचं मॉड्यूल-वर्णन नसलेले) आहेत आणि जेलिंक ते घेत नाही. लहान डॉकर इमेज हवी तर जेलिंकने फक्त जावाची मॉड्यूल बांधा आणि ग्रूव्ही क्लासपाथवर ठेवा. मॉड्यूलची यादी मात्र जेडेप्सवर (कोणती मॉड्यूल लागतात ते शोधणारं साधन) सोडू नका: मजकूर म्हणून लोड होणाऱ्या स्क्रिप्ट त्याला दिसत नाहीत, आणि 'जावा.एसक्यूएल' राहून गेलं तर ते डेटाबेसच्या पहिल्या कॉललाच कळतं.