चुलीच्या जाळीत 18,300 रुपयांना फसवलं, काट्यावर वजन केल्याशिवाय पैसे देऊ नका

फॅब्रिकेशनवाल्याने 38 किलोचे पैसे घेतले आणि 24 किलोची जाळी बसवून गेला. तीही ठरलेल्या स्टीलची नाही. ही जाळी फुलझाडांसाठी नव्हती. मागच्या पडवीतली चूल आणि बंब यांच्याभोवती लावायची होती, कारण घरात धरून धरून चालणारी मुलगी आहे. म्हणून जास्त संताप येतो.

तयार मिळतात त्या जाळ्या बंबाच्या मापाच्या नसतात, त्यामुळे फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. तीन बाजू, तीन फूट उंची, दार बाहेरून कडीचं, सळ्यांमध्ये दोन इंचांपेक्षा जास्त फट नको, सगळं कागदावर काढून दिलं. भाव किलोवर ठरला: 304 म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील, 16 गेजचा चौकोनी पाइप, मध्ये भरीव सळ्या, मजुरीसकट 450 रुपये किलो. त्याच्या हिशेबाने 38 किलो, म्हणजे 17,100. फिटिंगचे 1,200 वेगळे. 9,000 अ‍ॅडव्हान्स यूपीआयने दिले, 9,300 बसवल्यावर. बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी लावला तर 18 टक्के वाढतील. द्या ते 18 टक्के. पक्कं बिल नसेल तर पुढे कोणीच तुमचं ऐकून घेत नाही, हे आता सांगते.

टेम्पो आला तेव्हा आख्खी जाळी एका सडपातळ पोराने एकट्याने डोक्यावर घेतली आणि पडवीत आणून ठेवली. मी विचारलं, "एवढी हलकी कशी?" तो म्हणाला, "ताई, एसएस लोखंडापेक्षा हलकंच असतं."

हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. स्टेनलेस स्टील लोखंडापेक्षा हलकं नसतंच. दोन्हीचं वजन घनसेंटिमीटरला आठ ग्रॅमच्या आसपास. तिथल्या तिथे काटा मागवला असता तर सगळं उघडं पडलं असतं. पण मी विचारलं होतं, हे लक्षात घ्या. मुलगी कडेवर रडत होती, सासूबाई बंबात लाकडं सरकवत होत्या, आणि त्याने लगेच खिशातून चुंबक काढून पाइपाला लावलं. चिकटलं नाही. "बघा, ओरिजिनल 304." समोर पुरावा दाखवल्यावर कोणता माणूस पैसे अडवून धरेल?

चुंबकावर अजिबात जाऊ नका. 202 नावाचं स्वस्त स्टील असतं, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त. त्यालाही चुंबक चिकटत नाही. 304 आणि 202 मधला फरक कळतो तो केमिकलच्या थेंबाने. पाइपावर थेंब टाकायचा, 9 व्होल्टची बॅटरी टेकवायची. लाल झालं तर 202. हे मला दुसऱ्या वेल्डरने करून दाखवलं, तेव्हा थेंब लालभडक झाला होता. पहिल्याच पावसाळ्यात जोडांवर तांबूस डाग आले म्हणून या वेल्डरला बोलावलं होतं. त्याने एक सळी कापली, आतून पोकळ. पाइप 16 गेजचा, म्हणजे 1.6 मिलिमीटर जाडीचा ठरलेला, निघाला 20 गेजचा, 0.9 मिलिमीटर. मग जाळी सोडवून धान्याच्या दुकानातल्या काट्यावर ठेवली: 24 किलो. न दिलेल्या 14 किलोंचेच 6,300 रुपये झाले.

पैसे एक वेळ सोडा. भिंतीत अँकर फास्टनर, म्हणजे आत घट्ट रुतणारे धातूचे बोल्ट, ठरलेले, याने प्लॅस्टिकच्या गट्ट्या ठोकून स्क्रू पिळले. मुलीने उभं राहायला जाळी धरली आणि डावी बाजू भिंतीतून सुटून आली. बंब पेटलेला होता. मी जवळ होते म्हणून निभावलं. तिच्या तळहाताला चिरा पडल्या, कारण वेल्डिंगचे टोकदार दाणे घासलेलेच नव्हते. जाळी बसली की सगळीकडून हात फिरवून बघा आणि मोठ्या माणसाने तिला लटकून बघा, लाजू नका.

पोलीस चौकीत ऐकायला मिळालं, "हे दिवाणी आहे, ग्राहक कोर्टात जा." 38 किलो लिहिलेली त्याच्या अक्षरातली चिठ्ठी दाखवली, यूपीआयची नोंद दाखवली, कापलेली सळी टेबलावर ठेवली. साहेबांनी सळीला हात लावला नाही. 1 जुलै 2024 पासून फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं, हे मी त्यांना सांगायचं? सांगितलं, तर म्हणाले, "मॅडम, वकील आहात का?" वजनमापाच्या कार्यालयात म्हणाले, पक्क्या बिलाशिवाय काही करता येत नाही. अहो, बिल न देणं हाच तर त्याचा धंदा आहे! जो चोर कागद ठेवत नाही त्याला कागद नाही म्हणून सोडणार, आणि ज्याच्या घरात पोर भाजता भाजता वाचलं त्यालाच उलट प्रश्न विचारणार. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, आणि प्रत्येक ठिकाणी "तुम्ही आधी बघून घ्यायला हवं होतं." मग तुम्ही कशासाठी बसलात तिथे?

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, फक्त 2 वर्षांच्या आत जायला हवं. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. चिठ्ठ्या, मेसेज, फोटो, काही पुसू नका. कापलेली सळी मी जपून ठेवली आहे.

त्याचा फोन चालू आहे. मी केला की कट करतो, दुसऱ्या नंबरवरून केला तर "बोला ताई, कसली जाळी?" म्हणतो. लहान मुलांसाठी जाळी करून देतो असा फलक अजून दुकानावर आहे. वजनावर भाव ठरवणार असाल तर काटा तुमचा, जागा तुमची, आणि उरलेले पैसे काटा बघून.