तळघरातील डीह्युमिडिफायर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

तळघरातला कुबट वास आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या खोक्यांवर धरणारी बुरशी यांवर उपाय म्हणून कॉम्प्रेसरवर चालणारा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतील बाष्प काढून घेणारे यंत्र, घेतला. दमट हवेचे महिने आणि थंडीची सुरुवात अशा दोन्ही काळांत तो वापरून झाल्यावर हे लिहीत आहे. हवेतील दमटपणा यंत्र उत्तम रीतीने काढते. भिंतीतून झिरपणाऱ्या ओलीपुढे मात्र त्याचे काही चालत नाही.

म्हणूनच खरेदीपूर्वी एक साधी चाचणी करावी. प्लास्टिकचा हातभर तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने पक्का बसवावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावा. थेंब खोलीकडच्या बाजूस असतील, तर हवेतील बाष्प गार भिंतीवर साकळत आहे. प्लास्टिकच्या आतल्या बाजूस असतील, तर ओल भिंतीतूनच येत आहे. आमच्याकडे एक भिंत सोडून बाकीच्या पहिल्या प्रकारच्या निघाल्या.

खिडक्या उघडून तळघर वाळते, हा समज दमट दिवसांत उलटा ठरतो. तीस अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरला सुमारे २१ ग्रॅम बाष्प असते. तीच हवा २२ अंशांच्या तळघरात शिरून निवली, की तिला १९ ग्रॅमच्या आसपासच बाष्प धरता येते आणि उरलेले भिंतींवर उतरते. त्यामुळे यंत्र चालू असताना दारे-खिडक्या बंदच ठेवाव्यात.

खोक्यावर छापलेल्या ‘दिवसाला इतके लिटर’ या आकड्यावर विसंबू नये. तो बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो, आणि गार तळघरात प्रत्यक्ष पाणी त्याच्या निम्म्याहूनही कमी निघू शकते. थंडी वाढल्यावर कॉइलवर, म्हणजे यंत्रातील बाष्प साकळवणाऱ्या गार नळ्यांवर, बर्फ धरू लागतो आणि तो वितळवण्यासाठी यंत्र मधूनमधून थांबते. ज्यांचे तळघर वर्षभर गारच असते, त्यांनी शोषक पदार्थावर चालणाऱ्या प्रकाराचा विचार करावा. त्याला वीज अधिक लागते, हे मात्र गृहीत धरावे.

आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांवर लावून ठेवली की बुरशीला आळा बसतो. त्याहून बरीच खाली लावल्यास यंत्र विनाकारण अखंड चालत राहते. यंत्रावरचा आकडा त्याच्या लगतच्या हवेचा असल्याने लांबच्या कोपऱ्यात वेगळा हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) ठेवावा. तो तपासण्यासाठी किंचित ओलसर मिठाची वाटी आणि हायग्रोमीटर एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवावे. आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास यायला हवा.

टाकी भरली की यंत्र आपोआप थांबते, त्यामुळे ती उपसण्यापेक्षा नळी जोडणेच सोयीचे. नळीला सलग उतार हवा. मध्ये जराशी उंच झाली तरी पाणी मागे तुंबते. उताराची सोय नसेल, तर पंप असलेले यंत्र घ्यावे. फिल्टर धुणे सोपे आहे. आवाज जुन्या फ्रिजहून मोठा आहे, शिवाय खोली थोडी तापते, म्हणून शेजारी बसून काम करण्याची अपेक्षा ठेवू नये.

राहिलेल्या त्या एका भिंतीवर क्षाराचे पांढरे पापुद्रे अजूनही येतात. छपराच्या पन्हळीचे पाणी पायापासून दूर वळवल्यावर ते कमी झाले आणि यंत्रही पूर्वीपेक्षा कमी वेळ चालू लागले. पूर्ण बंदोबस्तासाठी भिंतीच्या बाहेरील बाजूने जलरोधन करावे लागेल.