मिडनाइट सायकलिंग, कुलाबा ते वरळी: पैसे नेमके कशाचे मोजायचे

शनिवारी रात्री अकराच्या सुमारास कुलाब्यातल्या गल्ल्यांमध्ये भाड्याच्या सायकली ओळीने उभ्या राहतात. तिथून निघालेले वीस-पंचवीस जणांचे जथे गेटवे, फोर्ट, मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, हाजी अली असं करत वरळी सी फेस गाठतात आणि पहाटे परततात. अशा राइड चालवणारे आयोजक आता बरेच झालेत. रस्ता सगळ्यांचा जवळपास तोच, जाहिरातीतले फोटो तसेच, शेवटी मिळणारं सर्टिफिकेटही तसंच. फरक पडतो तो दोन गोष्टींनी: हातात येणारी सायकल आणि जथ्याच्या अगदी शेवटी चालणारा माणूस. या दोन गोष्टी चांगल्या असतील तर पैसे वसूल. नसतील तर मुंबईतला सगळ्यात सुंदर रस्ता दुखऱ्या गुडघ्यांनी ढकलत पार करावा लागतो. म्हणून हे परीक्षण कुणा एका आयोजकाचं नाही, या सेवेचं आहे.

अंतराचा धसका घ्यायचं कारण नाही. मलबार हिलचा चढ धरून जाऊन-येऊन २५ ते ३० किलोमीटर होतात. ताशी १५ किलोमीटरने धरलं तरी पाच तासांत प्रत्यक्ष पॅडल मारणं दोन तासांचंच. बाकी वेळ थांबे, फोटो, सिग्नल आणि मागे राहिलेल्यांची वाट पाहण्यात जातो. दमणूक होते ती या थांब्यांमुळेच. घामेजलेलं अंग थंड पडतं, पोटऱ्या आखडतात आणि पुन्हा सायकलवर बसल्यावर पहिली पाच मिनिटं जड जातात. चार-पाच ठिकाणी दहा-दहा मिनिटं थांबणारी राइड चांगली. प्रत्येक इमारतीसमोर सामूहिक फोटो काढणारी टाळावी.

आता सायकल. भाड्याने मिळतात त्या बहुतेक २६ इंची चाकांच्या, २१ गिअरच्या एमटीबी, म्हणजे जाड टायरच्या माउंटन बाइक. काही ठिकाणी बिनगिअरच्या सायकलीही देतात. मरीन ड्राइव्ह सपाट असल्याने तिथे काही बिघडत नाही, पण चौपाटीवरून वाळकेश्वर रोडने मलबार हिलवर, तीन बत्तीकडे चढायला लागलं की बिनगिअरची सायकल हातात धरून चालणं नशिबी येतं. तेव्हा बुकिंग करतानाच ‘गिअरची हवी’ असं सांगून ठेवावं. जाड टायर इथे उपयोगाचे आहेत. गटारावरच्या जाळ्यांच्या फटी कित्येक ठिकाणी रस्त्याच्या दिशेतच असतात. रोडबाइकचा (बारीक चाकांच्या वेगवान सायकलचा) २५ मिलिमीटरचा टायर अशा फटीत अडकू शकतो, एमटीबीचा ५० मिलिमीटरचा सहसा नाही. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधले सांधे आणि फोर्टातले उखडलेले पेव्हर ब्लॉक यांवरही तोच टायर तारतो.

सायकल ताब्यात घेताना पाच मिनिटं मागून घ्यावीत. देणारा घाई करतोच, पण ही पाच मिनिटं सोडू नयेत. पहिली हवा. टायर अंगठ्याने जोर लावून दाबला तर जेमतेम दबला पाहिजे. २६ × १.९५ इंचाच्या टायरला साधारण ६५ किलोच्या माणसासाठी ४० ते ४५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा पुरते. टायरच्या बाजूवर किती ते किती भरायची हे छापलेलं असतं. रात्रीच्या राइडमधली पुष्कळ पंक्चर खिळ्याची नसतात, कमी हवेची असतात. मऊ टायर खड्ड्याच्या कडेवर आपटला की ट्यूब रिम आणि कड यांच्यामध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडभोकं दिसली की समजावं, हवा कमी होती. एकच बारीक भोक असेल तर काच किंवा तार. अशा वेळी नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवून तो तुकडा काढलाच पाहिजे, नाहीतर पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच.

मग ब्रेक. लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर ती सायकल घेऊ नये. थोडीशीच सैल असेल तर लिव्हरजवळ केबल जिथे आत शिरते तिथला गोल ॲडजस्टर दोन-तीन फेरे बाहेर काढला की केबल ताणली जाते. ते हातानेच होतं. व्ही-ब्रेकचा शू, म्हणजे रिमला दाबणारा रबरी ठोकळा, रिमवरच बसायला हवा. तो वर सरकून टायरला घासत असेल तर टायरची बाजू कापत जाते आणि शेवटी ट्यूब बाहेर येऊन फुटते. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, पण भाड्याच्या ताफ्यात उलट जोडणीची एखादी निघतेच. चालवायच्या आधी उभ्या-उभ्या दोन्ही दाबून बघावेत. उतारावर हे शोधत बसायला वेळ मिळत नाही.

चेन काळी असली तरी चालेल, लालसर नको. समुद्राच्या खाऱ्या हवेत सायकली उघड्यावर राहिल्या की चेनला आठवड्याभरात गंज धरतो. अशा चेनच्या कड्या आखडतात आणि गिअर बदलताना चेन उडते. क्रँक, म्हणजे पॅडल जिला जोडलेलं असतं ती दांडी, हाताने धरून आडवी हलवावी. खडखड लागली तर बोल्ट ढिला आहे, तो तिथेच आवळून घ्यावा. डावं पॅडल खास तपासावं. त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं की ते आवळलं जातं. घाईत कुणीतरी नेहमीच्या दिशेने आवळायला गेलं की ते सैल होतं, आणि कुणी आटे तिरके धरून जोर लावला की क्रँकमधले आटेच जातात. मग रस्त्यावर त्याला इलाज नाही.

सीटची उंची हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. बहुतेकांना दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतील इतकी खाली सीट लागते, कारण पडायची भीती वाटते. त्याचा हिशेब वरळीला पोहोचेपर्यंत गुडघे चुकता करतात. टाच पॅडलवर ठेवून पॅडल खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा. मग पावलाचा पुढचा भाग पॅडलवर ठेवला की गुडघ्यात हलका बाक येतो. तेवढी उंची बरोबर. सीट वर घेताना नळीवर कोरलेली मर्यादेची रेघ बाहेर दिसू देऊ नये. सीट आवळणारा क्विक रिलीजचा खटका बंद करताना तळहातावर त्याचा ठसा उमटला पाहिजे. सहज बंद झाला तर दहा मिनिटांत सीट खाली बसणार.

हेल्मेट बहुतेक आयोजक देतात, पण वेगवेगळ्या मापांची क्वचितच ठेवतात. हनुवटीखाली पट्टा आणि कातडी यांत दोन बोटं जातील इतपत घट्ट हवा, आणि पुढची कड भुवयांच्या दोन बोटं वर. दुसऱ्याच्या घामाचं हेल्मेट नको असेल तर डोक्याला पातळ रुमाल बांधावा किंवा स्वतःचंच न्यावं. दिव्यांच्या बाबतीत मात्र ही सेवा सर्रास कमी पडते. मागे नुसता लाल रिफ्लेक्टर असतो आणि तो मागून येणाऱ्या गाडीचा उजेड पडेल तेव्हाच दिसतो. मागचा लाल दिवा स्वतःचा न्यावा. यूएसबीवर चार्ज होणारा छोटा दिवा कोणत्याही सायकलच्या दुकानात मिळतो, सीटच्या नळीला रबरी पट्ट्याने बसतो.

गिअरचं गणित राइड सुरू होण्याआधी कुणी समजावून सांगत असेल तर तो आयोजक जाणता आहे असं खुशाल समजावं. साधारणपणे पुढच्या तीन चक्रांना २४, ३४, ४२ दात आणि मागच्या चक्रांना १४ ते २८. सपाट रस्त्यावर पुढचं मधलं चक्र आणि मागे १८ च्या आसपास ठेवलं तर पॅडलच्या एका फेरीत सायकल जवळपास चार मीटर जाते. मिनिटाला सत्तर फेऱ्या मारल्या की ताशी सोळा किलोमीटर. दम लागत नाही, बोलता येतं. मलबार हिलला पुढे सगळ्यात लहान आणि मागे सगळ्यात मोठं चक्र. एका फेरीला पावणेदोन मीटरच, पण उतरावं लागत नाही. पुढचं चक्र चढाच्या आधी, पॅडल हलकं असतानाच बदलायचं. चढावर जोर लावत बदललं की चेन पडते, आणि तशी पडते बहुतेक वेळा वाळकेश्वरच्या पहिल्या वळणावर, सगळा जथा मागून येत असताना.

वरून केम्प्स कॉर्नरकडे येणारा उतार या राइडमधला खरा धोक्याचा तुकडा. तो वळणांचा आहे आणि खाली सिग्नल आहे. दोन्ही ब्रेक एकदम आवळून धरण्यापेक्षा दाबायचे-सोडायचे, दाबायचे-सोडायचे. पॅडल आडवी, बूड सीटवर थोडं मागे. पावसात रिम ओली असेल तर पहिले काही क्षण ब्रेक लागतच नाही. तेव्हा उतार सुरू व्हायच्या आधीच शू हलके टेकवून रिम पुसून घ्यायची. पावसाळ्यात हा चढ-उतार वगळून चौपाटीवरूनच माघारी फिरवणारे आयोजक आहेत. काहींना ती फसवणूक वाटते, पण तो निर्णय योग्य आहे. राइडसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सगळ्यात चांगले.

आता मागचा माणूस. सायकलवाले त्याला स्वीप म्हणतात. त्याच्या मागे कुणीही राहता कामा नये, एवढं त्याचं काम. पुढे एक लीड आणि मागे एक स्वीप ही जोडी बारा-पंधरा जणांना पुरते. पंचवीस जणांमागे दोघेच असतील तर पहिल्या तीन सिग्नलांत जथ्याची तीन शकलं होतात. जाणता लीड सिग्नल ओलांडल्यावर डावीकडे थांबतो, मागचे आले की निघतो. लाल दिव्यात ‘चला, चला’ म्हणून ओरडत नाही. बुकिंग करण्याआधी एकच प्रश्न विचारावा: स्वीपच्या पिशवीत काय असतं? पंप, २६ इंचाच्या दोन ट्यूब, टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायच्या पट्ट्या), १५ चा पाना, ४-५-६ चा ॲलन की संच आणि प्रथमोपचाराचं साहित्य, असं उत्तर आलं तर पैसे भरावेत. ‘काही झालं तर गाडी येते’ हे उत्तर अर्धवट आहे. सरावलेला हात ट्यूब दहा मिनिटांत बदलतो. गाडी कुलाब्याहून निघून वरळीला येईपर्यंत बाकीचे फुटपाथवर बसून राहतात.

मरीन ड्राइव्हवर नरिमन पॉइंटकडून चौपाटीकडे जाताना समुद्र डाव्या हाताला येतो, म्हणून सगळी ओढ डावीकडेच असते. पण कट्ट्याशी थांबलेल्या टॅक्सीचं दार कधीही उघडतं. उभ्या गाड्यांपासून हातभर नव्हे, चांगलं मीटरभर अंतर ठेवावं. मोटरसायकलींच्या शर्यती शनिवारी रात्री इथे होतात, त्यासाठी पोलिसांची नाकाबंदीही लागते. मागून आवाज चढत आला तर एकामागे एक व्हावं आणि आपली सरळ रेष सोडू नये. फोर्टात मात्र सावकाश जावं. दिवसा मान वर करायला फुरसत न देणारा तोच हुतात्मा चौक, तेच सीएसएमटी आणि समोरची महापालिकेची इमारत रात्री एकच्या शांततेत नीट पाहता येते. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला गॉथिक आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको, हा सगळा परिसर २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. सायकलच्या वेगाने तो ज्या बेताने उलगडतो तसा टॅक्सीतून नाही. यासाठी तरी ही राइड एकदा घ्यावीच.

जाहिरातीत सी-लिंकचा फोटो असतो. तो वरळीहून दिसतो, तेवढंच. सागरी सेतूवर सायकलला परवानगी नाही आणि कोस्टल रोडच्या मोटारींच्या मार्गिकांवरही नाही. ‘सी-लिंकवरून नेतो’ म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नयेत.

पाणी एक लिटर स्वतःचं न्यावं, त्यात चिमूटभर मीठ, साखर आणि अर्धं लिंबू. मुंबईच्या दमटपणात रात्रीही घाम थांबत नाही आणि पहाटे तीनला पायात गोळे येतात ते बऱ्याचदा त्यामुळे. कट्ट्यावर सायकलला थर्मास लटकवून फिरणाऱ्यांचा चहा मिळतो, तो जरूर घ्यावा. रात्रभर दिवा-हेल्मेटशिवाय सायकल चालवून पोट भरणारी ही माणसं या शहराच्या सायकल-संस्कृतीचा भाग आहेत. पहाटे निघणारे पाववाले आणि सकाळचे डबेवालेही. आयोजकांनी त्यांना एकेक लाल दिवा दिला तर टी-शर्टपेक्षा तो खर्च सार्थकी लागेल.

ज्यांच्याकडे स्वतःची सायकल आहे त्यांनी एकदा पैसे भरून रस्ता शिकून घ्यावा आणि पुढे रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हवर एनसीपीए या कलासंकुलापाशी जमणाऱ्यांबरोबर फुकट जावं. तिथला वेग मात्र जास्त असतो, थांबे कमी.

बुकिंग करताना तारीख नीट विचारावी. शनिवारची मिडनाइट राइड म्हणजे शनिवारी रात्री निघणारी की शुक्रवारी रात्री बारानंतरची, यावरून घोळ होतात. अनामत किती, ती कधी परत, पंक्चरचे पैसे कुणाचे, हे चॅटवर लिहून घ्यावं. सायकल घेताना दोन्ही बाजूंचे, गिअरच्या भागाचे आणि दोन्ही चाकांचे फोटो काढून ठेवावेत. परत करताना चाक उचलून फिरवून दाखवावं, ते डगमगत नाही हे त्यांच्यासमोर बघून घ्यावं आणि मगच अनामत मागावी. पहाटे चारच्या पुढे चर्चगेट आणि सीएसएमटीहून लोकल सुरू होतात. शनिवारी रात्री दुरुस्तीसाठी रेल्वेचा ब्लॉक असेल तर ते आधी पाहून निघावं.