कागदी होडीचं पोट: त्रिकोण वाढवावेत की फळ्या पाडाव्यात?

कागद कापून-चिकटवून केलेली मॉडेल होडी हातात घेतली की नजर आधी तिच्या पोटावर जाते. तिथे कोपरे दिसले तर डोलकाठी कितीही सुबक असू दे, होडी डब्यासारखी वाटते. टेम्प्लेट, म्हणजे कापायच्या तुकड्यांचा छापील आराखडा, सुधारायला बसलात की दोन वाटा समोर येतात.

पहिली वाट त्रिकोण वाढवण्याची, म्हणजे संगणकावरच्या मॉडेलचा पृष्ठभाग ज्या सपाट त्रिकोणांचा बनतो ते आणखी बारीक करण्याची. संगणकावर हे काम क्षणात होतं आणि गणितही बाजूने असतं. ४० मिमी त्रिज्येच्या गोलाईला ८ बाजू दिल्या, तर प्रत्येक बाजूच्या मधोमध कागद खऱ्या वर्तुळापासून ३ मिमी आत राहतो. १६ बाजूंना हे अंतर ०.८ मिमीच्याही खाली येतं. पण पेपाकुराने (मॉडेल सपाट कागदी तुकड्यांत उलगडणारं सॉफ्टवेअर) पान उलगडून दिलं की खरं काम हातावर येतं: प्रत्येक घडीवर रेघ ओढायची, प्रत्येक जोडाला फेव्हिकॉल. केसाएवढी चूक पुढच्या जोडात जाते, तिथून त्याच्या पुढच्या. माझ्या पहिल्या होडीत नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, शेवटचा तुकडा दोन मिमी कमी पडला आणि सगळं पोट उसवावं लागलं.

दुसरी वाट मला मालवणच्या किनाऱ्यावर, होडी बांधणाऱ्या सुताराकडे बघून पटली. फळी लांबीत वाकते, थोडी पिळतेही, पण ताणली जात नाही. कागदाचा स्वभाव अगदी तोच. म्हणून नाळेपासून मागच्या टोकापर्यंत एका अंगाला ६-७ लांब पट्ट्या पाडायच्या. पट्टीतल्या त्रिकोणांच्या आतल्या घड्या पुसायच्या आणि इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये कडा एकसंध वक्र करायच्या. शेजारच्या दोन पट्ट्यांच्या जुळणाऱ्या कडा लांबीला सारख्याच हव्यात. एक मिमीचा फरकसुद्धा सुरकुती होऊन वर येतो, तेव्हा हे छापण्याआधी मोजाच. चिकटवायचे कान काढून टाका, ते बाहेरून उंचवट्यासारखे दिसतात. जोडाखाली आतून पातळ कागदाची सलग पट्टी लावा. कापलेली पट्टी लाटण्यावर हलकेच फिरवून घेतली की बाक आपोआप बसतो.

नाळेजवळ मात्र सगळ्या पट्ट्या टोकापर्यंत नेऊ नका. तिथे त्या अगदी चिंचोळ्या होतात आणि गोंदाने लिबलिबीत पडतात. दोन-दोन एकत्र करा, आणि अगदी टोकाच्या छोट्या भागाला त्रिकोणच ठेवा. तेवढ्या जागेत तेच बरे.

विजयदुर्गासारख्या किल्ल्याचा निमुळता बुरूज करायचा असेल तर दोन्ही वाटा सोडा. शंकूचा तुकडा न ताणता सपाट होतो. तळाची त्रिज्या ४०, माथ्याची ३६ आणि तिरकी उंची ६० मिमी असेल, तर ६०० आणि ५४० मिमी त्रिज्येचे दोन कंस २४ अंशांपर्यंत काढा. एका तुकड्यात बुरूज तयार, जोड एकच. घुमटाला ही सोय नाही. त्याला संत्र्याच्या फोडींसारख्या फाका लागतात. १५०७ साली वाल्डझेम्युलर या जर्मन नकाशाकाराने पृथ्वीचा गोल छापला तोही १२ फाकांचाच.

होडीसाठी माझं मत फळ्यांच्या बाजूने आहे, आणि पावसाळ्यात तर ठामपणे. आपल्याकडच्या दमट हवेत कागद ओल धरून फुगतो, तोही लांबी-रुंदीत सारखा नाही. जोड जितके कमी तितकं बिनसायला कमी. आणि पानं छापल्यावर पट्ट्या शक्यतो त्याच दिवशी कापून जोडा.